आयातीचा भार: जपानी कापड आणि मुंबईच्या गिरण्या

1893 साली घडलेल्या दोन घटनांनी मुंबईच्या गिरणी उद्योगाचे पुढच्या चाळीस वर्षांचे भवितव्य बरेचसे ठरवून टाकले. जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, त्यामुळे रुपयाची किंमत चांदीबरोबर वरखाली होई. चीनचा व्यवहारही चांदीतच चालत असल्याने मुंबईचे जाडेभरडे सूत तिथे स्थिर भावाने विकले जाई. टांकसाळी बंद होताच रुपया चांदीपासून सुटला आणि चिनी गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. दुसरी घटना नोव्हेंबरमधली. पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांची जहाजवाहतुकीतली मक्तेदारी मोडण्यासाठी जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी केली आणि मुंबई-कोबे अशी जहाजे सुरू झाली. हिंदी कापूस जपानला स्वस्तात पोहोचू लागला. मुंबईच्या व्यापाऱ्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, पण त्याच कापसाचे सूत कातून जपान चीनच्या बाजारात उतरला, आणि तो बाजार तोवर मुंबईचा होता. 1897 साली जपानची सुताची निर्यात त्याच्या आयातीपेक्षा वाढली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत हाच जपान कापड घेऊन थेट मुंबईच्या दारात आला. त्या स्पर्धेची कहाणी बहुतेक वेळा स्वस्त जपानी माल विरुद्ध देशी उद्योग अशी सांगितली जाते. कागदपत्रे मात्र आणखी एक गोष्ट दाखवतात. परदेशी मालाचा धक्का बाजारातून येतो हे खरे, पण तो कोणाच्या खांद्यावर उतरायचा हे जकात, हुंडणावळ (चलनविनिमयाचा दर) आणि कायदा ठरवतात. ही तिन्ही साधने ज्याच्या हाती असतात तो भार पुढे ढकलतो; ज्याच्या हाती काहीच नसते त्याच्यापाशी तो येऊन थांबतो.

याचा पहिला पुरावा 1894 ते 1896 या तीन वर्षांतच सापडतो. जपान सरकारने 1894 मध्ये सुतावरची निर्यात जकात रद्द केली आणि 1896 मध्ये कच्च्या कापसावरची आयात जकात काढून टाकली. म्हणजे आपल्या गिरण्यांचा कच्चा माल आणि पक्का माल दोन्ही बाजूंनी मोकळा केला. त्याच 1896 मध्ये हिंदुस्थान सरकारने देशातल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. महसुलासाठी परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवणे सरकारला भाग होते, पण त्यातून हिंदी गिरण्यांना तिळभरही संरक्षण मिळता कामा नये असा लँकेशायरचा आग्रह होता. म्हणून जेवढी जकात तेवढाच अबकारी कर असा हिशेब जुळवण्यात आला. मुंबईचा मांजरपाट आणि मँचेस्टरचे तलम कापड यांची गिऱ्हाइके वेगळी, त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा जवळपास नव्हतीच, हा युक्तिवाद त्या वेळी अनेकांनी केला. तो ऐकला गेला नाही. महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्कार टाकण्याची हाक याच कराच्या निषेधात दिली गेली. यावर असे म्हणता येईल की जपानलाही तेव्हा पूर्ण जकात-स्वातंत्र्य नव्हते. पाश्चात्त्य राष्ट्रांशी झालेल्या विषम करारांनी त्याचे हात 1911 पर्यंत बांधलेले होते. हे खरेच आहे. पण जेवढे हात मोकळे होते तेवढे जपानने आपल्या गिरण्यांसाठी वापरले. हिंदुस्थानचे हात दुसऱ्याच्या कामाला जुंपले होते.

चीनचा बाजार गेला त्याला एकच कारण नव्हते, हेही मान्य करायला हवे. 1896 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला, हजारो कामगार गावी पळाले, त्यापाठोपाठ दुष्काळ पडले, आणि चीनमध्येही गिरण्या उभ्या राहू लागल्या. पण परिणाम एका दिशेचाच झाला. बाहेरचे गिऱ्हाईक आटत गेले तशा मुंबईच्या गिरण्या सुताकडून कापडाकडे आणि निर्यातीकडून देशी बाजाराकडे वळल्या. 1905 नंतरच्या स्वदेशी चळवळीने त्यांना हात दिला. पहिल्या महायुद्धाने तर त्यांची चांदी केली. लँकेशायरचा माल येईना, भाव चढले, आणि युद्धानंतरची काही वर्षे गिरण्यांनी घसघशीत लाभांश वाटले. याच काळात अनेक गिरण्यांचे भांडवल फुगवून दाखवले गेले. मॅनेजिंग एजंटांचे कमिशन पुष्कळ ठिकाणी नफ्याऐवजी उत्पादनावर किंवा विक्रीवर बेतलेले असल्याने गिरणी तोट्यात असतानाही त्यांचे मिळकतीचे साधन सुरू राही. साठलेला पैसा यंत्रे बदलण्यात फार थोडा गेला. मंदी आली तेव्हा सबबी पुष्कळ सांगितल्या गेल्या, पण तेजीतला नफा कुठे गेला या प्रश्नाचे उत्तर गिरणीमालकांच्या निवेदनांत क्वचितच मिळते.

जपानी कापडाची वाढ आकड्यांत पाहिली तर तिचा वेग लक्षात येतो. 1913-14 मध्ये हिंदुस्थानात ब्रिटनमधून 300 कोटी यार्डांहून अधिक कापड येत होते. जपानचे एक कोटी यार्डही नव्हते. 1932-33 मध्ये दोघांचाही माल सुमारे 60 कोटी यार्डांच्या घरात होता. लँकेशायरची पडझड आणि जपानची चढण एकाच बाजारात घडली. जपानी माल स्वस्त का पडे याची कारणे त्या वेळच्या चौकशांतून पुढे आली. हिंदी आखूड धाग्याचा कापूस अमेरिकी कापसात मिसळून त्यातून चांगले सूत काढण्याचे कसब जपानी गिरण्यांनी कमावले होते. कापसाची खरेदी मोठ्या जपानी कंपन्या थेट इथल्या बाजारपेठांत आपली माणसे ठेवून करत. गिरण्या दोन पाळ्यांत चालत, त्यामुळे यंत्रावरचा खर्च दुप्पट मालावर वाटला जाई. रात्रपाळीला वसतिगृहांत ठेवलेल्या तरुण मुली असत. हिंदुस्थानने बायकांच्या रात्रपाळीवर बंदी घातली होती, जपानमध्ये ती 1929 च्या मध्यापर्यंत सुरू राहिली. त्यामुळे ही स्पर्धा निव्वळ कारागिरीची होती असे म्हणता येत नाही आणि निव्वळ अन्यायाची होती असेही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच थानात विणलेल्या होत्या.

मुंबईत या स्पर्धेचा पहिला मोठा स्फोट 1925 मध्ये झाला. गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरमध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी काम थांबवले. त्या काळात गिरणीमालक आणि कामगार पुढारी, दोघांचेही एका मागणीवर मात्र एकमत होते: तीस वर्षांपूर्वीचा तो अबकारी कर रद्द करा. डिसेंबरच्या आरंभी सरकारने तो स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. पुढच्या वर्षी कर कायमचा रद्द झाला. या प्रसंगाइतका स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचित हाती लागतो. बाजारात जपानी माल तोच होता, यंत्रे तीच होती, कामगारही तेच. बदलला तो फक्त दिल्लीचा एक कर, आणि मजुरी वाचली. म्हणजे मजुरीची कपात ही आयातीचा अटळ परिणाम नव्हती. ती सरकारी धोरण आणि आयात या दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या उद्योगाने निवडलेली वाट होती. पण एका हाताने दिलेले सरकारने दुसऱ्या हाताने काढून घेतले. 1927 मध्ये रुपयाचा दर सोळा पेन्सांऐवजी अठरा पेन्स असा कायम करण्यात आला. चलनविषयक हिल्टन यंग आयोगात पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी याविरुद्ध भिन्न मतपत्रिका जोडली होती. सोळाचे अठरा म्हणजे रुपया साडेबारा टक्के महाग, म्हणजेच परदेशी माल सुमारे अकरा टक्के स्वस्त. आयात जकात तेव्हा 11 टक्के होती. नुसत्या हुंडणावळीने तिचा बराचसा उपयोग संपवला.

जानेवारी 1927 मध्ये फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील टॅरिफ बोर्डाचा अहवाल आला. त्याने जपानच्या दोन पाळ्यांमुळे मिळणाऱ्या लाभाचा अंदाज सुमारे चार टक्के धरला आणि बहुमताने कापडावरची जकात 11 वरून 15 टक्के करण्याची शिफारस केली. सरकारने ती नाकारली. त्याऐवजी परदेशी सुतावर पाच टक्के किंवा रत्तलामागे दीड आणा, यांपैकी जास्त असेल ती जकात बसवली. कापडावर जकात तीच आणि सूत महाग, अशी ही तजवीज झाली. परदेशी सुताचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हातमागवाले. गिरणीमालक या निर्णयावर नाराज होते, पण ज्यांचे जगणे या सुतावर अवलंबून होते त्या विणकरांचा आवाज या वाटाघाटींत जवळजवळ नव्हताच.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो, आणि तो त्या काळातही घेतला गेला. जपान ही नुसती सबब होती, मुंबईचे खरे प्रतिस्पर्धी अहमदाबाद, सोलापूर, कोइमतूर, इंदूर हे होते, असे तो सांगतो. या आक्षेपात तथ्य आहे. देशाच्या आतल्या भागातल्या गिरण्यांना कापूस आणि गिऱ्हाईक दोन्ही जवळ होते, मजुरी मुंबईपेक्षा कमी होती, जागा आणि पाणी स्वस्त होते. टॅरिफ बोर्डालाही त्यांची अवस्था मुंबईइतकी बिकट आढळली नाही. पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. मुंबईला जपानी माल आणि देशी माल दोन्ही बाजूंनी भिडत होता. जपानी कापड जाड आणि मध्यम प्रतीत उतरले, तिथेच मुंबईचा जीव होता. अहमदाबाद तलम कापडाकडे वळल्यामुळे त्याची गाठ प्रामुख्याने लँकेशायरशी पडली. शिवाय अहमदाबादेत 1920 पासून मजूर महाजन होते आणि वाद लवादाकडे नेण्याची पद्धत रुळलेली होती. तिथेही 1923 मध्ये मजुरी कापली गेली, पण 1929 मध्ये लवादाच्या निवाड्याने तिचा काही भाग परत मिळाला. एकाच देशात, एकाच जकातीखाली दोन शहरांत भाराची वाटणी वेगळी झाली. देशी स्पर्धेचा आक्षेप त्यामुळे मूळ मुद्द्याला बळकटीच देतो.

मुंबईत लवाद नव्हता, म्हणून तिथे वाटणी रस्त्यावर झाली. सॅसून समूहाच्या गिरण्यांनी 1928 च्या सुरुवातीला नवी व्यवस्था आणली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, सूत कातण्याच्या त्रासन खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू बघायच्या. मालकांच्या मते ही आधुनिक व्यवस्था होती, आणि जपानमध्ये एक कामगार याहून जास्त साचे चालवतो असा दाखला ते देत. दाखला बरोबर होता, पण जपानी साचा नवा होता, सूत अधिक मजबूत होते आणि धागा कमी तुटत असे. मुंबईत यंत्र जुनेच ठेवून माणसाकडून जपानी काम मागितले गेले. एप्रिल 1928 मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत सहा महिने चालला. दोन कोटींहून अधिक श्रमदिवस बुडाले. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्याबरोबर अर्जुन आळवे यांच्यासारखे गिरणीतूनच आलेले पुढारी पुढे आले, आणि वर्षअखेर तिची सभासदसंख्या 50 हजारांच्या पुढे गेली. मार्च 1929 मध्ये यांतले बहुतेक पुढारी मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले, त्याच वर्षी औद्योगिक तंट्यांचा कायदा आला, आणि 1929 चा दुसरा संप मोडला. आयात स्पर्धेचा राजकीय परिणाम तो हाच. जपानी कापडाने मुंबईला कम्युनिस्ट चळवळ दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण ज्या वादातून ती वाढली तो वाद जपानी कापडाच्या दराने पेटला होता.

कामगारांतही भार सारखा वाटला गेला नाही. साचेखात्यात मजुरी सर्वांत जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकर त्यांच्याबरोबर काम करायला तयार नसत. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला आणि कामगारांच्या मागण्यांत त्याचा समावेश व्हावा असा आग्रह धरला. बायका मुख्यतः रिळ आणि वाइंडिंग खात्यांत होत्या. सुताची निर्यात गेली तसे सुताच्या लडी करण्याचे काम आक्रसले आणि गिरण्यांतले बायकांचे प्रमाण पुढच्या काळात घटत गेले. बेकारांसाठी शहरात कसलीही तरतूद नव्हती. ज्याचे काम जाई तो रत्नागिरी, सातारा किंवा पुणे जिल्ह्यातल्या आपल्या गावी परते. मंदीच्या काळात त्याला पोसण्याचा खर्च कोकणातल्या आणि घाटावरच्या तुटपुंज्या शेतीने उचलला. तो कुठल्याही ताळेबंदात नोंदला गेलेला नाही, म्हणून तो नव्हता असे होत नाही.

1930 नंतर जकातीचे राजकारण उघड झाले. त्या वर्षीच्या कायद्याने ब्रिटिश कापडावर 15 टक्के आणि इतर परदेशी कापडावर 20 टक्के अशी दुहेरी जकात आली. संरक्षण हवे तर साम्राज्याला सवलत द्या, असा हा सौदा होता. पंडित मदनमोहन मालवीयांनी त्याच्या निषेधार्थ मध्यवर्ती विधिमंडळाचा राजीनामा दिला. रस्त्यावर सविनय कायदेभंगाने परदेशी कापडावर बहिष्कार पुकारला होता. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापड नेणाऱ्या गाडीसमोर आडवा झालेला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातून मुंबईत पोट भरायला आलेला कष्टकरी होता. डिसेंबर 1931 मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले आणि येन कोसळला. त्याला उत्तर म्हणून ऑगस्ट 1932 मध्ये बिगरब्रिटिश कापडावरची जकात 50 टक्के आणि जून 1933 मध्ये 75 टक्के झाली. ऑक्टोबर 1933 मध्ये मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी लँकेशायरच्या प्रतिनिधीमंडळाशी करार केला. ब्रिटिश कापडाला सवलत चालेल, त्या बदल्यात लँकेशायरने हिंदी कापूस जास्त घ्यावा. अहमदाबादचे गिरणीवाले आणि राष्ट्रीय वृत्तीचे व्यापारी या करारावर तुटून पडले. जपानच्या भीतीने मुंबईचे मालक लँकेशायरच्या जवळ गेले, आणि त्यातून देशी भांडवलदारांचीच फळी दुभंगली.

जपाननेही हत्यार उचलले. 1933 च्या उन्हाळ्यात त्याच्या गिरण्यांनी हिंदी कापूस घेणे थांबवले. हा घाव गिरणगावावर न बसता खानदेश आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्यावर बसणार होता, कारण आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक. जागतिक मंदीने कापसाचे भाव आधीच पाडले होते. शेवटी जानेवारी 1934 मध्ये तोडगा निघाला. जपानने दहा लाख गासड्या घेतल्या तर 32 कोटी 50 लाख यार्ड कापड येऊ द्यायचे, पंधरा लाख घेतल्या तर कमाल 40 कोटी यार्ड, आणि जकात 50 टक्क्यांवर आणायची. स्वस्त कापडाचा फायदा गरीब गिऱ्हाइकाला होत होता, मग जकात लावून त्याला का लुटले, हा आक्षेप इथे तपासायला हवा. मंदीत शेतकऱ्याच्या हातात पैसा नव्हता, स्वस्त जपानी धोतर त्याला खरोखर परवडत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोच शेतकरी कापूस विकणाराही होता. त्याला गिऱ्हाईक म्हणून मिळालेली बचत आणि विक्रेता म्हणून बसणारा फटका एकाच करारात तोलला गेला, आणि तोलणारे हात त्याचे नव्हते. वाटाघाटींच्या मेजावर सरकार, गिरणीमालक, जपानी आणि लँकेशायरचे प्रतिनिधी होते.

मग संरक्षणाने उद्योग वाचला की नाही? वाचला. 1938-39 मध्ये कापडाची एकूण आयात 65 कोटी यार्डांच्या आसपास उतरली होती आणि देशाची गरज प्रामुख्याने देशी गिरण्या भागवत होत्या. जकात लावणे चूक होते असे या इतिहासावरून म्हणता येत नाही. उलट ती चाळीस वर्षे उशिरा लागली. दोष आहे तो जकातीला कसलीही अट न जोडण्याचा. बिगरब्रिटिश कापडावर 75 टक्के जकात, म्हणजे संरक्षणाचा कळस, ज्या वर्षी गाठला त्याच वर्षी मुंबईच्या गिरण्या महागाई भत्ता कापत होत्या आणि काही गिरण्या बंद होत होत्या. एप्रिल 1934 मध्ये पुन्हा संप झाला आणि कामगार हरले. यंत्रे बदलण्याची, एजंटांचे कमिशन नफ्याशी बांधण्याची, मजुरी राखण्याची किंवा हातमागवाल्यांना सूत स्वस्त देण्याची कोणतीही हमी सरकारने जकातीच्या बदल्यात मागितली नाही. संरक्षणाचा लाभ उद्योगाला म्हणून दिला गेला आणि मालकांकडे थांबला. स्पर्धेचा भार मात्र उद्योगाच्या नावाने येऊन कामगार, विणकर आणि कापूस पिकवणाऱ्याकडे गेला. आजही एखाद्या परदेशी मालावर जकात वाढवा किंवा उठवा अशी मागणी कानी आली की तिच्या बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याआधी वाचकाने एवढे विचारावे: या निर्णयाच्या वाटाघाटीत कोण बसले आहे, कोण बसलेले नाही, आणि मिळणाऱ्या सवलतीला कोणती अट जोडली आहे. मुंबईच्या बाबतीत हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, आणि त्याची किंमत ज्यांना विचारलेच नव्हते त्यांनी मोजली.